दिवा धरणाऱ्याची बाजू

तो लोंबतोय तो ना? त्याला घाबरू नका, सिस्टर, तो कुठेच जात नाही — नाही हो, थट्टा करत नाही, खरंच कुठे जात नाही. ही वायरींच्या टोकाला प्लास्टिकची डबी असते ना, खटक्याची, तिला आम्ही कप्लर म्हणतो. कंपनी काय करते, एकच वायरिंग विणून सगळ्या गाड्यांत घालते — भारीतल्या गाडीला पुढे धुक्यातले दिवे असतात, तुमच्या गाडीला नाहीत, पण त्या दिव्यांचा कप्लर मात्र आलाय. आता तो बिचारा जन्मभर असाच लोंबणार. आणि तुम्ही त्याच्यापायी रजा टाकून दारोदार फिरताय. काय म्हणालात, फोटो काढून पाठवलेत? कुणाला? — हो, आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं असणार, एकाने सांगितलं असेल हा हवेचा सेन्सर, दुसऱ्याने सांगितलं असेल एसीचा, आणि तिसऱ्याने सांगितलं असेल गाडी विकून टाका. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं. अहो, फोटोवरून कप्लर ओळखता येत नाही, त्याला हात लावावा लागतो. तुम्ही फोटो बघून शीर शोधता का सुई टोचायला? मग.

आणि एक सांगते, मघाशी आल्या आल्या तुम्ही विचारलंत, मालक आहेत का. मी ऐकलं, पण मी त्या पांढऱ्या गाडीखाली होते आणि तोंडात स्क्रू होता. मालक मीच. पुरुष विचारतात त्याचं मला आता काही वाटत नाही, त्यांना मी सांगते, मालक येतील इतक्यात, आणि गाडी दुरुस्त करून चावी हातात देते, मग म्हणते, आले होते, गेले. पण तुम्ही सुद्धा? वॉर्डात तुम्ही पट्टी बांधायला गेलात आणि पेशंट म्हणाला, डॉक्टरांना बोलवा, तर कसं वाटतं तुम्हाला? — बरं बरं, राहू दे, माफी कशाला, मी आपलं बोलून टाकते, पोटात ठेवलं की पित्त होतं मला. मागच्या खोलीत पंख्याखाली बसलेत ते माझे वडील, अण्णा. पाटीवर नाव त्यांचं आहे, हात माझे आहेत. त्यांना आता बारीक दिसत नाही आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि या दोन्ही गोष्टी त्यांना मान्य नाहीत. समोरचा टायरवाला म्हणतो, बाईने बापाला खोलीत बसवलं नि गॅरेज घशात घातलं. म्हणू दे. त्याच्या टायरांपेक्षा त्याच्याच तोंडात हवा जास्त. मी बॉनेट उघडते आणि माझं काम करते, मला कुणाच्या सर्टिफिकिटाची गरज नाही.

या, इकडे या. तिकडे समोर नका उभ्या राहू, इथे माझ्या शेजारी — समोरून बघितलं की सगळं उलटं दिसतं, काही कळायचं नाही. हं. आता बघा, तुम्ही म्हणताय की तुमची गाडी त्या पहिल्या गॅरेजवाल्याने अर्धी खोलली, सगळे कप्लर उपटून ठेवले आणि एक दिवस दुकानाला कुलूप लावून पसार झाला. असले असतात. खोलायला अक्कल लागत नाही, लावायला लागते. मग तो वायरींचा गुंता घेऊन तुम्ही टोचन करून दुसरीकडे नेलीत, त्या दुसऱ्याने सगळं जागच्या जागी लावून दिलं, गाडी सुरू झाली, पण तेव्हापासून डॅशबोर्डवरचा हा पिवळा दिवा पेटलेला आणि सकाळी सुरू होताना खोकला. बरोबर? मग मी आधी काय करणार — त्या दुसऱ्याने काय काय बरोबर लावलंय ते बघणार. चुकीचं नंतर. आधी बरोबर काय ते बघायचं, हे अण्णांचं शिकवणं. माणूस म्हणून ते कसे आहेत ते सोडा, कारागीर म्हणून त्यांच्यासारखा दुसरा नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

अनोळखी कप्लर हातात आला की पहिलं काम, तो कुठे बसतो ते शोधायचंच नाही. सगळे हेच करतात, ही डबी इथे बसते का, तिथे बसते का, आणि कुठेतरी ती बसतेच, मग खूश. चार डब्या सारख्या असतात, कुठेही बसतील. नाही — त्याच्या उलट मागे जायचं. वायर धरून मुळाकडे जायचं, ती कुठून फुटली, तिच्या सोबतीला कोण आलंय. या दोन वायरी बघा एकमेकींना पीळ घालून आल्यात, ही नाजूक बातमी नेणारी वायर, ही कुठल्यातरी फिरणाऱ्या चाकाजवळ जाणार. ही जाडी, ही बातमी नेत नाही, ही ताकद नेते, पंख्याची असणार. मग लांबी बघायची. वायर जिथपर्यंत सैल पोचते ती तिची जागा. जिथे ताणावं लागतं ती तिची जागा नव्हे, कितीही चपखल बसू दे. लोकांना हे माणसांच्या बाबतीतसुद्धा कळत नाही, जाऊ दे. आणि मग धूळ — सेन्सरच्या तोंडाशी बघा, जिथे वर्षानुवर्षं डबी बसलेली असते तिथे एक स्वच्छ चौकोन असतो, भिंतीवरचा फोटो काढल्यावर दिसतो ना, तसा. एवढं बघितलं तर निम्मे कप्लर स्वतःच आपला पत्ता सांगतात. उरलेल्यांना मीटर लावायचा.

आता तुमच्या गाडीचं — हा पाण्याच्या उष्णतेचा, बरोबर. हा हवेचा, बरोबर, खटका सुद्धा नीट बसवलाय. हा खालचा, हा तर भल्याभल्यांना सापडत नाही, हात आत घालायला जागाच नाही, हासुद्धा बरोबर. टेप बघा कशी गुंडाळलीय, शेवटचं टोक खाली दाबून, म्हणजे उष्णतेने सुटायला नको. काम कळतं त्याला. कळतं हो, कुणी का असेना. नुसत्या गुंत्यातून एवढं उभं करायचं म्हणजे खाऊ नाही. मग हा दिवा का पेटतो? सिस्टर, जरा आत बसा आणि सेल मारा. मारा. — अजून. — बस. बंद करा आणि या बाहेर. ऐकलंत? घेते, सोडते, घेते, मग पकडते. तुम्ही म्हणालात कॉम्प्युटर लावून बघितला, त्याने सांगितलं कॅम सेन्सर खराब, म्हणून सेन्सर बदलला, तरी तेच, म्हणून दुसरा बदलला, तरी तेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कॉम्प्युटर एवढंच सांगतो की बातमी चुकीची येतेय. बातमीदार खोटारडा आहे असं तो कुठे म्हणाला?

हे बघा, इंजिनच्या डोक्यात दोन दांडे फिरतात. एक हवा आत घेणाऱ्या झडपा उघडतो, दुसरा धूर बाहेर सोडणाऱ्या. दोघांवर एकेक पहारेकरी बसवलाय, तोच तुमचा कॅम सेन्सर, दांडा आत्ता कुठे आला ते सांगायला — हा एक केबिनच्या बाजूला, आणि तो एक पुढे, रेडिएटरच्या बाजूला. दोन्ही जुळे. कप्लरही जुळे, वायरींची लांबीही सारखी. कंपनीतल्या कुणा शहाण्याने असं केलं ते त्यालाच माहीत. यांची अदलाबदल झाली की गाडी चालते, पण अशी चालते. तुमच्याकडे दोन खाटांवरचे केसपेपर बदलले तर कसं होईल, दोन्ही पेशंट तेच, दोन्ही औषधं चांगली, आणि तरी गोंधळ. तसं. आता बघू, हा दिवा धरते इथे, आणि मुळाकडे जाते — हा फुटला आधी, हा नंतर. मूळ केबिनकडून येतं, म्हणजे आधी फुटलेली फांदी केबिनकडची. आणि ही आधी फुटलेली जाते कुठे तर —

थांबा.

नाही, काही नाही. काही झालं नाही. बोटाला चटका बसला, इंजिन आत्ताच सुरू केलं ना. तुम्ही जरा — हा दिवा जरा इकडे धरा. नको, असू दे, मीच धरते. हा दोरा बघताय, कप्लरला बांधलेला? हा तुम्ही बांधलाय? नाही ना. त्या पहिल्याने? नाही, त्याला कशाला बांधता येईल, तो उपटणारा. हा मेण लावलेला दोरा आहे, चपला शिवायचा. दोन वेढे आणि गाठ आतल्या अंगाला, म्हणजे कुठे अडकायला नको. ताजा आहे. इंजिनच्या उष्णतेत दोरा काळा पडायला वेळ लागत नाही, हा अजून पिवळा आहे. कधी केलंत म्हणालात हे काम? — या उन्हाळ्यात? याच? आणि कुठे? — नाही, नको. नका सांगू. गावाचं नाव नको मला. मी सहज विचारलं. आपल्याला काय करायचंय कुठे, आपल्याला गाडीशी मतलब.

एवढंच सांगा, माणूस कसा होता.

म्हणजे उंच, बुटका, ते नको. काम कसं करतो? — गप्प असतो. हं. गॅरेज म्हणजे काय, पुलाखालची एक शेडच — बरं. पैसे ठरल्यापेक्षा कमी घेतले, हो, ते तसंच, ते अंगातच आहे, व्यवहार नावाची गोष्ट नाही. आणि? — काय? दिवा तोंडात धरतो? बॅटरी दातात धरून काम करतो? शेजारी माणूस होता ना? तुम्ही होतात ना तिथे, तुम्ही म्हणाला नाहीत, मी धरू का म्हणून? — म्हणालात. आणि नको म्हणाला. कुणालाच दिवा धरू देत नाही.

नाही, मला पाणी नको. तुम्ही आपल्या नर्सबाई झालात लगेच, काही झालेलं नाही मला. धूर गेला डोळ्यात. धूर नाहीये? मग तेल गेलं.

आमच्याकडे एक जण काम करायचा. असाच दोरा बांधायचा, म्हणून विचारलं. ही पद्धत अण्णांची आहे, दुसरं कुणी करत नाही, बाकीचे लोक टेप लावतात, आकडे लिहितात, आकडे तेलाने पुसले जातात. अण्णा म्हणायचे, जुळे कप्लर आले की मुळाशी आधी कोण फुटलं ते बघा, त्याला दोरा बांधा, आणि दोऱ्याचा कप्लर उजव्या हाताला लावा. अण्णा नेहमी इथे उभे राहायचे, मी आता उभी आहे तिथे, गाडीच्या डाव्या अंगाला. इथून केबिन उजव्या हाताला येतं. झालं, एवढं सोपं. आणि तो जो होता, तो — तो माझा भाऊ होता. आहे. दादा. थोरला माझ्याहून. आता बोललेच आहे तर बोलते, नाहीतरी तुम्ही परगावच्या, तुम्ही कुणाला सांगणार.

दादाला अण्णांनी लहानपणापासून इथे आणलं, कारण तो मुलगा, गॅरेज त्याचं. मी शाळेतून यायची ती डबा घेऊन, आणि डबा देऊन जायचं सोडून अण्णांच्या पाठीमागे उभी राहायची, त्यांच्या खांद्यावरून बघत. मला कुणी शिकवत नव्हतं. हाकलत नव्हते एवढंच, कारण पान्हा द्यायला बरी पडायची. आणि दादा दिवा धरायचा. दिवा धरायचा मान त्याचा. आता दिवा धरणारा कुठे उभा राहतो सांगा — समोर. पलीकडे. इथे शेजारी उभं राहून दिवा धरला तर काम करणाऱ्याच्याच डोक्याची सावली पडते. म्हणजे अण्णांचे हात दादाने सगळं आयुष्य समोरून बघितले. अण्णा दोऱ्याचा कप्लर उजव्या हाताला लावायचे, तो दादाला दिसायचा त्याच्या डाव्या हाताला. आणि तेच त्याच्या हातात बसलं. नंतर तो स्वतः काम करायला लागला, अण्णांच्या जागी, इथे, तर दोरा अचूक बांधायचा, मूळ अचूक शोधायचा, आणि लावताना हात डावीकडे जायचा. डोक्याला विचारलं असतं तर डोक्याने बरोबर सांगितलं असतं. पण कामाच्या वेळी डोक्याला कोण विचारतं, हात पुढे जातात. एरवी त्याचं काम इतकं साफ की मी सुद्धा जळायची. फक्त जुळे कप्लर आले की चुकलाच. आणि अण्णांना ते कधी कळलंच नाही की हा असा का चुकतो. ते म्हणायचे, लक्ष नाही. म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी. मुलीला मागे उभं राहून कळतं आणि याला समोर उभा करून कळत नाही. हे ते त्याच्यासमोर म्हणायचे, सिस्टर, आणि माझ्यासमोर. मला आवडायचं का? नाही. मला तेव्हाही आवडलं नाही. माझं कौतुक करायचं तर नीट करा, त्याच्या डोक्यावर उभं करून कशाला.

मला कसं कळलं विचाराल तर ते माझ्या नवऱ्यामुळे. माझा नवरा शिंपी आहे, त्याला गाडीतलं ओ का ठो कळत नाही, पण एकदा माझा हातचा माणूस आला नव्हता म्हणून आला बिचारा दिवा धरायला, समोर उभा राहिला आणि म्हणाला, अगं तो उजवीकडचा सुटलाय. मी उजवीकडे बघते तर काही सुटलेलं नाही. तो म्हणाला, तुझा उजवा नव्हे, माझा. तिथेच पान्हा हातातून पडला माझ्या. नवऱ्याला वाटलं पायावर पडला. मी तिथे डब्यावर बसून रडले आणि तो आपला पायाला बर्फ लावतोय. पण तोपर्यंत दादाला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

गेला म्हणजे निघून गेला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एका गिऱ्हाइकाची गाडी होती, अशीच जुळ्यांची, दादाने केली, गिऱ्हाईक चावी घेऊन निघालं आणि गाडी गेटाबाहेर जाऊन मधल्या रस्त्यात बंद. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, समोर टायरवाला मजा बघतोय. अण्णा गेले, बॉनेट उघडलं, दोन कप्लर अदलाबदल केले, गाडी सुरू. तेवढ्यावर सोडायचं की नाही? नाही. सगळ्यांच्या देखत त्यांनी दादाच्या हातातला पान्हा काढून घेतला आणि दिवा दिला. म्हणाले, तू दिवाच धर. मिशी आलेला माणूस, लग्नाला आलेला. त्याने धरला, सिस्टर. भर उन्हात, रस्त्यावर, अण्णांचं सगळं आवरेपर्यंत समोर उभा राहून त्याने दिवा धरला. मग तो पेटलेलाच बॉनेटवर ठेवला आणि गेला. तेव्हापासून अण्णा म्हणतात, मला एकच अपत्य. त्याचं नाव या छपराखाली काढायचं नाही. आई गेली तेव्हासुद्धा काढलं नाही. तो आला नाही तेव्हा. त्याला कळलं होतं की नाही मला माहीत नाही, आणि कळून आला नसेल तर — तर मी त्याला तोंड दाखवणार नाही. आणि न कळल्यामुळे आला नसेल तरी दाखवणार नाही. बहिणीला एक फोन करायला काय झालं होतं? मी काय दिवा दिला होता त्याच्या हातात? लोक म्हणतात, बहिणीने भावाला हाकलला. मी. मी त्याचा डबा अजून — जाऊ दे ते.

म्हणून पत्ता नको म्हटलं. नका काढू ती चिठ्ठी, ठेवा पर्समध्ये. फोन नंबर सुद्धा नको. कुणी मेला म्हणून सांगत होतं, कुणी म्हणे जहाजावर गेला. आता कळलं की आहे, धडधाकट आहे, आणि अजूनही जुळे कप्लर उलटे लावतो आणि अजूनही अण्णांचाच दोरा बांधतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. बस, एवढं पुरे मला. मी त्याच्या मागे जाणार नाही. अण्णांना सुद्धा हे समोरचं-मागचं मी कधी सांगितलं नाही — कसं सांगणार, सांगायला नाव घ्यावं लागतं, आणि नाव घेतलं की ते ताटावरून उठतात. दोघंही एकाच दगडाचे, आणि मी मध्ये दळली जाणार असेन तर ते होणार नाही. माझं गॅरेज आहे, माझं घर आहे, माझं छान चाललंय. आता हे दोन्ही कप्लर मी काढते, इकडचा तिकडे लावते, तुमचा पिवळा दिवा जातो, तुम्ही ड्यूटीला जाता, विषय संपला. दोरा? दोरा कापून टाकते. कशाला हवाय. कातर — कातर कुठे ठेवली मी —

अण्णा, तुम्ही कशाला उठलात? काही नाही, या सिस्टरची गाडी आहे. सेलचा आवाज ऐकलात? ऐकलात कसा, खोलीचं दार लावलेलं — बरं, उजव्या कानाने. काही मोठं नाही, मी बघतेय. तुम्ही बसा आत. अहो, अण्णा, तिकडे कुठे निघालात, त्या बाजूला सगळी अडगळ आहे, पायात जॅक येईल. इकडे जागा नाही ते खरंय, या उभ्या आहेत ना इथे. पण गरजच काय — दिवा मी धरलाय. नाही, मला दिसतंय. दिसतंय म्हटलं ना. बरं घ्या, धरा. धरा एकदाचा. सिस्टर, तुम्ही हलू नका, त्यांना काही बोलायला गेलं की जास्त करतात.

थोडा खाली धरा, अण्णा. अजून. हं, तिथे.

अण्णा, इतकं आत नका वाकू.

काय झालं? — हो, दोराच आहे. मेणाचाच. नाही, मी नाही बांधला, मी या गाडीला आज हात लावला. हात नका घालू, गरम आहे अजून — अण्णा, चटका बसेल.

गाठ आतूनच आहे, हो.

उजव्या हाताला. हो, तुमच्या उजव्या हाताला. इथून माझ्या डाव्या हाताला दिसतो मला तो, मी त्याला चुकीचा म्हणणार. पण तुम्ही आता जिथे उभे आहात तिथून तो उजव्याच हाताला आहे, बरोबर तुम्ही सांगायचात तिथे. त्या जागी तुम्ही कधी उभे राहिला नाहीत, अण्णा. दिवा हातात घेऊन तर नाहीच नाही. तिथे कोण उभं असायचं ते मी सांगायला नको. मला नाव घ्यायची परवानगी नाही.

मी कुठे काय म्हणतेय? मी काही म्हणत नाहीये. तुम्हीच बघताय.

सिस्टर, ती चिठ्ठी काढा पर्समधली. नाही, मला नका देऊ. मला नको म्हटलं म्हणजे नको, माझा शब्द एकदाच असतो. त्यांना वाचून दाखवा. असं इथून नाही, वळसा घालून तिकडे जा, त्यांच्या उजव्या अंगाला उभ्या राहा, डावा कान गेलाय. आणि सावकाश वाचा, गाव, पूल, शेड, सगळं. मी हात धुऊन येते.